मीटर खोटं बोलत नव्हता

महोदय,

माझ्याकडे १९९६ सालची फियाट आहे. आरसी बुकात प्रीमियर पद्मिनी. उद्यमनगरात लेथवर तीस वर्षं काढल्यामुळे कार्बोरेटर दुसऱ्याच्या हातात द्यायला जीव धजत नाही. आठेक वर्षांपूर्वी सायलेन्सरच्या पाइपला नट वेल्ड करून धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसवला आणि डॅशबोर्डखाली हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा मीटर लावला. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, हा हिशेब. सपाट रस्त्याला चौथ्या गिअरमध्ये माझा काटा साडेचौदाच्या आसपास असायचा.

गेल्या वर्षी तो सोळाकडे सरकला, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. चढाला गाडी दम टाकायची. मीटर विकणाऱ्या दुकानात गेलो, तर गाडीकडे न बघताच उत्तर मिळालं, "काका, मीटर गेलाय, सेटच बदला." सेट म्हणजे मीटर आणि सेन्सर मिळून सोळा हजार. माझ्या अख्ख्या गाडीला भंगारवाला तेवढे देईल की नाही, शंकाच आहे.

घरी येऊन सेन्सर काढला, पकडीत धरला (टोक निखाऱ्यासारखं तापतं, हाताने धरू नये) आणि इग्निशन चालू केलं. मोकळ्या हवेत काटा शेवटच्या आकड्याला जाऊन टेकला. सेन्सर परत बसवून इंजिन सुरू केलं, चोक ओढून हवा कमी केली, तर काटा सरळ अकरावर. दोन्ही टोकं बरोबर दाखवणारा मीटर मधेच खोटं बोलेल, हे मला पटेना. प्लग काढले, तर चारही खडूसारखे पांढरे. म्हणजे गाडी खरोखरच लीन, पेट्रोल कमी पडून, चालत होती.

कारण पंपावर होतं. आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे अशा पेट्रोलला किलोमागे साडेतेरा किलोच्या आसपास हवा पुरते, उरलेली जास्तीची ठरते. (मीटरचे आकडे मात्र साध्या पेट्रोलचे, प्रमाण बरोबर जमलं की तो याही पेट्रोलला १४.७ च दाखवतो.) इंजेक्शनच्या गाड्या ते आपोआप सांभाळून घेतात. माझ्या कार्बोरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं भोक, जुन्या पेट्रोलवर बेतलेलं, ते काय सांभाळणार? एक नंबर मोठं मेन जेट टाकलं, काटा जागेवर आला. खर्च चारशेच्या आत.

मीटर कधी बिघडतच नाही, असं नाही. पण आधी जातो तो सेन्सर. तो धुऊन-पुसून बरा होत नाही, बदलावाच लागतो. मात्र त्याच्यापायी चांगला मीटर कशाला फेकायचा? आणखी एक, आमच्या ओळखीच्या वायरमनने एका पोराच्या गाडीत नवा सेन्सर लावताना कनेक्टर कापून वायरी पिळून जोडल्या. त्या जातीच्या सेन्सरच्या कनेक्टरमध्येच त्याच्या मापाचा बारीक रेझिस्टर असतो. तो गेला कचऱ्यात, मीटर चुकीचं दाखवू लागला, आणि बिचारा पोरगा महिनाभर कार्बोरेटर खोलत बसला.

विक्रेत्यांना एवढंच सांगणं आहे की सुटा सेन्सर दुकानात ठेवा आणि 'सेट बदला' म्हणण्याआधी तो पाच मिनिटं हवेत धरून बघा. आणि पंपवाल्यांनी इथेनॉलचं प्रमाण नोझलजवळ ठळक लिहावं. चष्मा घरी विसरलेल्यालाही वाचता येईल, एवढं.

– एक निवृत्त टर्नर, कोल्हापूर