पाणपोयांचे ‘रंगकाम’ थांबवा

महोदय,

गेलेल्या माणसाच्या नावाने पाणपोई बांधणे ही मुंबईची जुनी रीत. फोर्टमधल्या मुळजी जेठा कारंज्याच्या माथ्यावरचा मुलाचा पुतळा म्हणजे कारंजे बांधणाऱ्या रतनशी मुळजींचा पंधराव्या वर्षी गेलेला मुलगा धरमसी; आराखडा वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा. त्या कारंज्याचे नीट जतन झाले. गल्लीतल्या पाणपोयांच्या वाट्याला मात्र ‘सुशोभीकरण’ येते, म्हणजे ऑइलपेंट आणि सिमेंट.

सिमेंट मऊ दगडापेक्षा कठीण. सांध्यातली ओल त्यातून बाहेर पडत नाही, मग ती दगडातून वाट काढते. क्षार पृष्ठभागाखाली साचून फुगतात आणि कोरलेल्या नावाचे पापुद्रे सुटतात. जुने सिमेंट छिन्नीने हलकेच काढावे. ग्राइंडर लावला की कडा उडाल्याच. मग सांध्यांत एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग धुतलेली वाळू. सांधे भरल्यावर आठवडाभर ओले गोणपाट. (भर पावसाळ्यात हे काम काढूच नये.) क्षार ओढून घ्यायला डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेला कागदाचा लगदा बोटभर जाड थापून सुकू द्यावा आणि काढावा, दोन-तीनदा. पोरबंदरी दगडाला अ‍ॅसिड अजिबात नको. तो चुनखडकच, अक्षरांसकट विरघळतो.

निविदेत ‘रंगकाम’ खोडून एवढे लिहायला फार खर्च येत नाही.

– एक वाचक, गिरगाव