आरसे पुसणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत सोलापूरच्या उन्हावर वीज पिकवण्याचा लेख आपण पानभर छापलात, तो वाचून मी एक दिवस गप्प होते. परंतु काल शेजारच्या वहिनी तेच पान हातात घेऊन, ‘आता आपल्याकडे आरशांचा प्रकल्प येणार म्हणे,’ असे विचारत आल्या, तेव्हा लिहिणे भाग पडले. ज्या शहराचा पारा मे महिन्यात ४४ अंशांवर जातो, त्याने सौरपॅनेलच्या नादी न लागता आरशांनी ऊन एकवटावे आणि वाफेवर टर्बाइन फिरवावे, असा लेखकमहाशयांचा आग्रह आहे. त्यांच्या उत्साहाबद्दल आदर बाळगूनही असे म्हणावेसे वाटते की, हा लेख लिहिताना ते पंख्याखाली बसलेले असावेत.

अशा प्रकल्पात आरसे मधल्या उंच मनोऱ्यावर ऊन एकवटतात, आणि त्याच्या माथ्यावर उष्णता साठवणारे मीठ सुमारे ५६५ अंशांपर्यंत तापवायचे असते. तेथे बाहेरची हवा ३० अंश आहे की ४४, याने काय साधणार? आरशाला सूर्याकडून थेट येणारे किरण लागतात. हवेत धूळ असली किंवा वर पातळ ढगांचा पडदा असला की प्रकाश विखुरतो. तो विखुरलेला प्रकाश पॅनेल काही प्रमाणात वापरून घेते, आरशाला मात्र तो एका जागी आणताच येत नाही. शिवाय ज्या उकाड्याचे लेखात एवढे कौतुक आहे, तो पॅनेललाही मानवत नाही. पॅनेल २५ अंशांच्या वर तापले की दर अंशामागे त्याची क्षमता अर्ध्या टक्क्याच्या आत-बाहेर घटतेच. म्हणजे आपला उकाडा दोघांच्याही कामाचा नाही, एवढे तरी लेखात यायला हवे होते.

हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. शहरातील एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघराची व्यवस्था मी काही वर्षे पाहत होते. तेथे गच्चीवर आरशांच्या मोठ्या तबकड्या बसवून त्यांच्या वाफेवर मुलींचा भात-आमटी शिजवण्याची योजना कोणा दात्याच्या देणगीतून झाली होती. उद्घाटनाच्या दिवशी वाफेवर शिजलेला शिरा सर्वांनी खाल्ला, छायाचित्रे निघाली. त्यानंतर कळले की तबकडी दिवसभर सूर्यामागे फिरावी यासाठी एक यंत्रणा असते, आणि ऋतू बदलतो तसा तिचा बाक दर थोड्या दिवसांनी हाताने बदलावा लागतो. तो बदलला नाही तर झोत भांड्यावर न पडता शेजारच्या कठड्यावर पडतो. आरसे पुसायचे तर बोअरचे पाणी, आणि ते वाळले की काचेवर क्षाराचे पांढरे डाग, जे फडक्याने निघत नाहीत आणि घासले तर आरशावर ओरखडे उठतात. नळाचे पाणी चार-पाच दिवसांआड येत असताना ते आरशांना घालावे, असे कोणत्या तोंडाने स्वयंपाकीण मावशींना सांगायचे? ‘बाई, डाळ अजून बोटचेपी झाली नाही,’ असे त्या अकरा वाजता येऊन सांगत आणि मग आम्ही मुकाट्याने गॅस पेटवत असू. फिरण्याची यंत्रणा बिघडली तेव्हा पुरवठादाराने आधी फोन उचलला, नंतर माणूस पाठवतो म्हणाला, आणि अखेरीस देखभालीचा करार संपल्याचे पत्र पाठवले. आज त्या गच्चीवर पॅनेल आहेत. झाडूवालीने आठवड्यातून एकदा पाणी मारले तर मारले. न मारले तरी थोडी कमी का होईना, पण वीज येते.

याचा अर्थ तबकड्या कुठेच चालत नाहीत असा नव्हे. शिर्डीत संस्थानाच्या प्रसादालयासाठी २००९ मध्ये ७३ तबकड्या बसवल्या गेल्या. पण तेथे हात भरपूर, आणि भाविक रोज जेवायला येणारच.

लेखात स्पेनच्या प्रकल्पाचा उल्लेख आहे, तो रास्त आहे. सेव्हिलजवळच्या खेमासोलारने २०११ मध्ये तापवलेल्या मिठाच्या साठ्यावर सूर्यास्तानंतर १५ तास वीज देता येते हे दाखवून दिले, आणि ही गोष्ट पॅनेल एकटे करू शकत नाही हेही खरे. परंतु अमेरिकेतील नेवाडाच्या क्रेसेंट ड्यून्समध्ये २०१६ मध्ये मिठाच्या टाकीला गळती लागून प्रकल्प काही महिने बंद पडला आणि पुढे वीज घेणाऱ्या कंपनीने करारच मोडला, हे लेखकाला कोणी सांगितले नाही काय? आपल्याकडे राष्ट्रीय सौर मोहिमेत २०१० मध्ये ४७० मेगावॅटचे आरशांचे प्रकल्प मंजूर झाले. उभे राहिले ते निम्म्याहून कमी. राजस्थानच्या वाळवंटातसुद्धा थेट ऊन कागदावर धरले त्यापेक्षा कमी भरले, कारण धूळ. त्या वर्षीच्या बोलीत पॅनेल आणि आरसे दोघांचाही दर प्रतियुनिट दहा ते तेरा रुपयांच्या घरात होता. २०१७ मध्ये राजस्थानातल्याच भडल्यात पॅनेलची वीज २ रुपये ४४ पैशांवर आली. पॅनेल कारखान्यातून छापल्यासारखे बाहेर पडते, आरशांचा प्रकल्प मात्र प्रत्येक वेळी माळावर नव्याने उभारावा लागतो, आणि लहान उभारला तर परवडत नाही. आता बॅटऱ्याही स्वस्त होत आहेत, तेव्हा रात्रीचा तो एक हुकमी पत्ताही आरशांच्या हातून निसटत चालला आहे.

शिवाय टर्बाइन फिरवायचे म्हणजे वाफ थंड करणे आले, आणि त्याला पाणी आले. फताटेवाडीच्या १,३२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राला उजनीचे पाणी जाते, त्यावर या शहरात काय काय बोलले गेले ते आपल्याच अंकांत छापून आले आहे. हवेवर थंड करण्याची सोय असते, पण ती महाग पडते आणि नेमकी कडक उन्हाळ्यात ढेपाळते. सोलापुरात सूर्याची उष्णता वापरायचीच असेल तर चादरी-टॉवेलच्या सूतरंगाईला ६० ते ९० अंशांचे पाणी लागते, ते तापवायला वापरावी. उष्णतेची वीज करताना निम्म्याहून अधिक वाया जाते, ते तरी टळेल. या विषयावर पानभर लेखात एक ओळ नाही.

आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्रात निळी पॅनेल दिसतात आणि खाली ओळ आहे, ‘आरशांचे विस्तीर्ण शेत’. ज्या दोन गोष्टींची स्पर्धा लेखात लावली, त्यांतली एक दुसरीच्या जागी छापली गेली. निदान एवढी दुरुस्ती तरी उद्याच्या अंकात यावी. आणि पूर्वी दुसऱ्या पानावर भागवार पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक येत असे, ते हल्ली कुठे दडवले जाते, हेही त्याच चौकटीत कळवल्यास आमच्या भागातील महिला आपल्या आभारी राहतील.

आपली,
एक जुनी वर्गणीदार,
जुळे सोलापूर