रविवारची बैठक : वायडीएम-४ चं मॉडेल आणि खरं इंजिन

सभासद मित्रहो,

येत्या रविवारी सकाळी १०.३० वाजता परभणीत, आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये बैठक आहे. टेबलावर असेल १:८७ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान, वायडीएम-४. पूर्णा-अकोला मार्ग ब्रॉडगेज होण्याआधी मीटरगेजवर धावणारं हेच ते डिझेल इंजिन. पूर्णा, वसमत, हिंगोलीकडच्या जुन्या मंडळींना आवर्जून घेऊन या.

मॉडेलचं कवच काढून आतली रचना दाखवणार आहोत; तेवढं तरी चुकवू नका. खऱ्या इंजिनात अल्को या अमेरिकन कंपनीच्या रचनेचं सहा सिलिंडरचं यंत्र थेट चाकं फिरवत नाही. ते जनरेटर फिरवतं आणि ती वीज सहा धुऱ्यांवरच्या सहा मोटारींना जाते. मॉडेलात मात्र मधोमध एकच मोटार असते. तिच्या दोन्ही टोकांचे बारीक शाफ्ट पुढच्या-मागच्या बोगींतले (म्हणजे चाकं बसवलेल्या सांगाड्यांतले) गिअर फिरवतात. रुळांमधलं १००० मिमी अंतर या मापात साडेअकरा मिमी भरतं, म्हणून आपण १२ मिमीचा ट्रॅक वापरतो.

कृपया लक्षात ठेवा :

- मॉडेल चौकटीला धरून उचला. कठडे तारेचे आहेत, लगेच वाकतात.
- ट्रॅकला १२ व्होल्ट डीसीच द्यायचा. स्वतःचा कंट्रोलर आणलात तर आधी तपासून घ्या.
- वायडीएम-४ चे जुने फोटो असतील तर जरूर आणा. मागे ठिकाण आणि साल लिहा. रंगकामाला त्यांचीच खरी मदत होते.
- फोटोसाठी कोणीही रुळांवर उतरायचं नाही.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावं, चहा-नाश्ता सांगायचा आहे.