गळ पोराच्या हातात देण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टी लागली आणि पेठेतल्या पोरांच्या हातात बॅटीबरोबर गळाच्या काठ्याही दिसू लागल्या. माझ्या नातवानेही मोबाइलवरून ‘फुल सेट’ मागवला. त्यात घडीची काठी, रीळ, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, आणि डबीभर रंगीत प्लॅस्टिकचे मासे होते, प्रत्येकाच्या पोटाला तीन-तीन काट्यांचे दोन गळ. मी उद्यमनगरात ३४ वर्षं लेथवर काढली. वस्तू हातात आली की आधी माप घ्यायची खोड आहे. तंगुसाच्या वेष्टनावर ०.२५ मिलिमीटर लिहिलं होतं, मायक्रोमीटरने भरलं ०.४०. एवढा जाड तंगूस लहान रिळावर बसत नाही. काठी फिरवली की स्प्रिंगसारखा उसळून गुंता होतो आणि पोर तो गुंता दातांनी सोडवत बसतं.

आणि ते प्लॅस्टिकचे मासे कशासाठी? ते मरळीसारख्या शिकारी माशाला दाखवायचे. आपल्या तळ्यांत नवशिक्याच्या गळाला लागतो तो चिलापी, नशीब असेल तर रोहू. त्यांना कणकेची गोळी किंवा गांडूळ पुरतं. त्याला एकच बारीक गळ हवा. गळाचे नंबर आमच्या वायरच्या गेजसारखे उलटे चालतात, म्हणजे ४ पेक्षा १० बारीक. चिलापीचं तोंड लहान, त्याला ८ किंवा १० घ्या. सहा-साडेसहा फुटांची फायबरची काठी, साधं स्पिनिंग रीळ, आठ पौंडांचा ताण सोसणारा तंगूस, तरंगायला एक बुच आणि वजनाला चिमूटभर शिसं. झालं. शिशाचे मणी दातांनी दाबून बसवू नका. शिसं विषारी आहे, पक्कड घ्या.

रिळावर एक चकती असते, तिला ड्रॅग म्हणतात. माशाने ओढलं की तंगूस किती जोराला सुटावा ते ती ठरवते. ती पूर्ण आवळली की मोठा मासा तंगूस तोडून जातो, नाहीतर काठीच हातातून ओढतो. मी स्प्रिंगच्या वजनकाट्याच्या हुकाला तंगूस अडकवून ओढतो. आठ पौंड म्हणजे साडेतीन किलोच्या वर, त्याच्या चौथ्या हिश्श्याला, किलोच्या जरा आतच, रीळ घसरू लागलं पाहिजे.

आता माझी स्वतःची चूक. करवीर तालुक्यात पाहुण्यांचं शेततळं आहे. आम्ही तिथे गेलो तर पाहुण्यांची पहिली काळजी त्यांच्या कागदाची, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून तळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकची. “आबा, गळ कागदाला लागला तर भोक पडंल हां!” म्हणून नातवाला कडेपासून लांब उभा केला आणि मी नेमका त्याच्या मागे. “आबा, हाणू का?” म्हणेपर्यंत त्यानं काठी डोक्यावरून फिरवली होती. तीन काट्यांपैकी एक माझ्या अंगठ्याच्या मांसात. मी हिसडा मारून काढायला गेलो. गळाच्या टोकाशी उलटी नखी असते, ती मागे येतच नाही. जेवढं ओढावं तेवढं मांस वर येतं.

गावातल्या डॉक्टरांनी अंगठा बधिर केला, गळ पुढे ढकलून टोक बाहेर काढलं आणि मग विचारलं, “कापायला काय आहे का तुमच्याकडं?” दवाखान्यात तार तोडायचं हत्यार नव्हतं. नातू धावत जाऊन गाडीतली पक्कड घेऊन आला. नखी तोडली, उरलेला गळ अलगद मागे आला. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. घरी आल्यावर सगळ्या गळांच्या नख्या मी पकडीने दाबून सपाट केल्या. मासा एखादा निसटतो, निसटू दे. गळ डोळ्याजवळ किंवा मानेत रुतला तर मात्र हात न लावता थेट दवाखाना गाठा.

शेततळ्याबद्दल अजून एक, कारण गळापेक्षा हे मोठं. ओल्या कागदावर पाय टिकत नाही. पोहता येणारा माणूसही घसरून आत गेला की वर चढू शकत नाही. काठावर खुंट्याला बांधलेला गाठींचा दोर आणि एक ट्यूब असल्याशिवाय पोरांना तिथे सोडू नका, मोठं माणूस सोबत असलं तरी. वर पंपाच्या मोटारीची विजेची लाईन गेलीय का तेही बघा. महागड्या कार्बनच्या काठीतून वीज वाहते, आणि ओली फायबरची काठी तरी भरवशाची कुठे! पंचगंगेवर जायचं तर पाऊस सुरू व्हायच्या आत. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका हे कोल्हापूरकरांना पाठ आहे, पण काठ त्याच्या कितीतरी आधी निसरडा होतो.

तुटलेला तंगूस तिथेच टाकू नका. बगळ्याच्या पायात गुंतलेला मी स्वतः कात्रीने सोडवलाय, आणि तो बगळा मला टोचून गेला.

नातवाला त्या दिवशी शेवटी पाव किलोचा चिलापी मिळाला, साध्या कणकेवर. माझी पक्कड आता गळाच्या डब्यातच असते. डॉक्टरांनीही दवाखान्यासाठी नवी घेतली, असं परवा त्यांचा कंपाउंडर सांगत होता.

आपला,
एक निवृत्त टर्नर, मंगळवार पेठ, कोल्हापूर