चार्जर तहसीलच्या आवारात द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समृद्धी महामार्गावर विद्युत गाड्यांचा टोल माफ झाल्यापासून मला भेटणारा प्रत्येक जण म्हणतो, आता तुमची मजा आहे बुवा. मजा आहेच, नाकारत नाही. पण समृद्धी मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी जालना आणि छत्रपती संभाजीनगर या दोनच जिल्ह्यांतून जातो. जालना–नांदेड जोडमार्ग होईल तेव्हा होईल. बाकीच्या मराठवाड्यात पोटासाठी फिरणाऱ्या माणसाला विद्युत गाडी कशी परवडते, कुठे अडते आणि थोडक्या पैशांत काय करता येईल, एवढ्यासाठी हे पत्र.

मी सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करतो. आर्थिक वर्ष संपले की ३१ जुलैपर्यंत काम उरकायचे असते, त्यामुळे आमचा फिरतीचा हंगाम नेमका एप्रिल-मेच्या उन्हात येतो. संभाजीनगरहून निघून जालना, परभणी, नांदेड, देगलूर, उदगीर, लातूर, धाराशिव, बीड असा फेरा मारून घरी यायचे म्हणजे अंतर आठशे किलोमीटरच्या घरात जाते. डिझेलची गाडी विकून विद्युत घेतली ती पर्यावरणाच्या प्रेमापोटी नव्हे, हिशोबाने घेतली. घरच्या विजेवर किलोमीटरला दीड ते दोन रुपये पडतात, रस्त्यावरच्या जलद चार्जरवर तीन-साडेतीन. पेट्रोलची तशीच गाडी सात रुपयांच्या खाली येत नाही. आकडेमोडीवर पोट असलेल्या माणसाला आणखी काय सांगायचे?

गाडीविषयी माझी तक्रार नाही. कंपनी छापते ती रेंज, म्हणजे एकदा बॅटरी भरल्यावर जाण्याचे अंतर, रस्त्यावर मिळत नाही, हे आता शोरूमवालाही हसून मान्य करतो. परभणीत पारा बेचाळीसच्या वर गेलेला असताना एसी बंद ठेवून गाडी चालवा असे कोणी सांगू नये. एसीपेक्षाही वेग जास्त खातो. समृद्धीवर १२० ने निघालात तर बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. नव्वदवर राहिलात तर तीच गाडी निवांत पल्ला गाठते, कारण वेग वाढतो त्याहून कितीतरी झपाट्याने हवेचा विरोध वाढतो. उलट धाराशिवकडून येताना मांजरसुंब्याचा घाट उतरताना मोटरच गाडीला आवरते आणि थोडी वीज परत बॅटरीत भरते. पडद्यावर रेंज वाढताना पाहणे हा एक बालिश आनंद आहे आणि मी तो दरवेळी घेतो.

अडते ते चार्जिंगपाशी. महामार्गावर ठरावीक अंतरांवर चार्जर हवेत, हे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे आणि राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणातही आहे. हा सगळा विचार ज्याला डोळ्यांपुढे ठेवून केला आहे, तो माणूस मुंबईहून नागपूरला निघालेला आहे. त्याला मध्ये अर्धा-पाऊण तास थांबायचे, कॉफी प्यायची, गाडी ऐंशी टक्क्यांपर्यंत भरायची आणि पुढे सुटायचे. त्याच्यासाठी महामार्गावरच्या हॉटेलातला ६० किलोवॉटचा जलद चार्जर बरोबर आहे. पण मराठवाड्यात कामासाठी फिरणारा माणूस असा सुसाट कुठे जातो? औषध कंपनीचा प्रतिनिधी, बियाणे कंपनीचा माणूस, बँकेचा तपासनीस, शाळा तपासणारा विस्तार अधिकारी, ट्रॅक्टरचा मेकॅनिक, तारखेला निघालेला वकील, हे सगळे साठ-सत्तर किलोमीटर जातात आणि तालुक्याच्या गावी तीन-चार तास बसतात. तेवढा वेळ गाडी लिंबाखाली उभी असते. चार्जिंग व्हायला हवे ते त्या वेळात, त्या जागी.

हिशोब मांडतो. साधा ७ किलोवॉटचा एसी चार्जर, म्हणजे घरातल्यासारख्या प्रत्यावर्ती विजेवरचा सावकाश भरणारा चार्जर, चार तासांत अठ्ठावीस युनिटांच्या आसपास देतो. माझी गाडी युनिटला साडेसहा किलोमीटर जाते, म्हणजे १८० किलोमीटरची सोय झाली. देगलूरला दप्तर तपासता तपासता उदगीर करून लातूर गाठण्याइतकी वीज आत येते आणि वर शिल्लकही राहते. पंधरा अँपिअरच्या नुसत्या सॉकेटवरही चार तासांत पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर मिळतात. सात किलोवॉट म्हणजे विहिरीवरच्या दहा हॉर्सपॉवरच्या मोटरीएवढाही भार नाही. जलद चार्जर बसवायचा तर खर्च लाखांत, बहुतेक ठिकाणी वेगळा ट्रान्सफॉर्मर, वर तो पडून राहिला तर बसवणाऱ्याचे पैसे अडकले. एसी चार्जर काही हजारांत होतो आणि बिघडला तर गावातला वायरमन निदान त्याचे झाकण उघडून पाहू शकतो.

आता कोणी म्हणेल, मग जिथे काम करता तिथेच प्लग लावा की. लावून पाहिले आहे. पहिली अडचण अर्थिंगची. जुन्या इमारतीत बोर्डावर तीन छिद्रे दिसतात, पण तिसऱ्याच्या मागे काहीच नसते. गाडीबरोबरचा चार्जर ते ओळखतो, लाल दिवा लावतो आणि ढिम्म बसतो. एका संस्थेच्या शिपायाने मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा शोधून काढला, त्यात दोन बादल्या पाणी ओतले आणि दिवा हिरवा झाला. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की असे होते. शेतात मोटार चालवणाऱ्याला हे ठाऊक असते, मला त्या दिवशी कळले. त्यावर तिथले सचिव जरा घुटमळत म्हणाले, “सायेब, पर आमचं मीटर लई पळंल की.”

त्यांचे काही चुकले नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. ज्या पतसंस्थेचे हिशोब तपासायला मी गेलो, तिच्याच विजेवर गाडी फुकट भरून निघालो तर उद्या माझ्याच अहवालात माझ्याविरुद्ध शेरा लिहावा लागेल. पैसे द्यावेत तर पावती कोणत्या खात्यावर फाडायची? संस्थेच्या पोटनियमांत वीजविक्री बसत नाही. गंमत म्हणजे कायद्याने ही वीजविक्री ठरतच नाही. गाडी चार्ज करून देणे ही सेवा आहे, त्याला वीज वितरणाचा परवाना लागत नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. ढाबेवाला, लॉजवाला, बाजार समिती, किराणा दुकानदार, कोणीही चार्जर बसवून पैसे घेऊ शकतो. तालुक्याच्या गावांत मी ज्यांना ज्यांना हे सांगितले, त्यांतल्या बहुतेकांना ते नवीनच होते. महावितरणचे जुने परवाने आणि वायरमनची जुनी भीती लोकांच्या मनात एवढी पक्की आहे.

म्हणून माझी मागणी अगदी लहान आहे. प्रत्येक तालुक्याच्या गावी तहसील कार्यालय, शासकीय विश्रामगृह आणि बाजार समिती या तिन्ही ठिकाणी एकेक एसी चार्जर द्या. मोबाइलवर क्यूआर स्कॅन करून पैसे भरायची सोय असावी, वर पत्र्याचे छप्पर असावे. विश्रामगृहात तर रात्रभर गाडी उभी असते, तिथे याहून मोठे काही लागतच नाही. एसटीने ५१५० विद्युत बसचा करार केला आहे आणि त्यासाठी आगारांत चार्जिंगची व्यवस्था करावी लागते आहे. त्यातलीच एक जोडणी आगाराच्या भिंतीबाहेर काढून खासगी गाड्यांना दिली तर एसटीलाही चार पैसे सुटतील. आत बस, बाहेर आम्ही, फाटकावरच्या सुरक्षारक्षकाशी वादही नको.

वीज कुठून आणणार, असा प्रश्न मराठवाड्यात कोणी विचारू नये. ऊन इथे फुकट आहे. शेतीला दिवसा वीज द्यायची म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून ठिकठिकाणी सौर प्रकल्प उभे राहत आहेत. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वापरलेल्या विजेवर स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला आता दरात सवलत आहे. आमची गाडी तालुक्याला उभी असते ती याच वेळात. रात्री घरी येऊन सगळ्यांनी एकदम प्लग लावण्यापेक्षा दुपारी तहसीलच्या आवारात लावलेला केव्हाही बरा. संध्याकाळी गावांत व्होल्टेज कसे असते ते सांगायला नको.

आणि एक बोचणारी गोष्ट. शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक नगरीत विद्युत दुचाकी आणि मोटारींच्या कारखान्यांसाठी हजारो कोटींचे करार झाले आहेत. एथर, टोयोटा, जेएसडब्ल्यू ही नावे आपण पहिल्या पानावर छापली आहेत, आणि छापायलाच हवीत. याच शहराने २०१० मध्ये एका दमात दीडशे मर्सिडीज विकत घेतल्या होत्या, त्याच्या गप्पा अजून संपलेल्या नाहीत. पण गाड्या बिडकीनला बनणार आणि हदगावच्या डॉक्टरने ती घेताना दहा वेळा विचार करायचा, हे बरे दिसत नाही.

पैसा जिल्हा नियोजन समितीतून सहज निघेल. हायमास्ट दिव्यांना निघतो तर याला का नाही? पण त्याबरोबर देखभालीची जबाबदारी नावानिशी कोणावर तरी टाकावी. चार्जर बसतो, फीत कापली जाते, फोटो येतो आणि पावसाळ्यानंतर त्याच्या पडद्यावर नुसतीच निळी रेघ उरते. मोबाइलच्या नकाशावर तो तरीही ‘सुरू’ दिसतो. बॅटरी बारा टक्क्यांवर आलेल्या माणसाला नसलेल्या चार्जरपेक्षा असा चार्जर जास्त महागात पडतो, कारण तो भरवशाने तिथवर गेलेला असतो.

इथे आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. जायकवाडीचा पाणीसाठा आणि लातूरच्या आडतीतले सोयाबीनचे भाव आपण रोज छापता. जिल्हा पानावर आठवड्यातून एकदा, सोमवारी छापलेत तर उत्तम, जिल्ह्यातले कोणते चार्जर चालू आणि कोणते बंद एवढी चौकट द्यावी. आपले तालुका वार्ताहर तसेही रोज तहसीलला जातातच. आमच्यासारखे फिरस्ते वाचक आपल्याला फोनवरून माहिती कळवत राहतील, निदान मी तरी कळवीन.

आपला,
एक लेखापरीक्षक,
छत्रपती संभाजीनगर