हिरे दोन्हीकडे सापडले

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत आफ्रिकेतील देशांच्या राहणीमानाची तुलना करणारा लेख वाचला. बोत्स्वाना वरच्या पायरीवर आणि त्याला लागून असलेला झिंबाब्वे कितीतरी खाली, हे खरंच आहे. पण ‘बोत्स्वानाला हिरे सापडले म्हणून तो तरला’ एवढ्या एका वाक्यात विषय संपवलेला पाहून राहवलं नाही. मी २००१ ते २०११ अशी दहा वर्षं बोत्स्वानातल्या फ्रान्सिसटाउनला माध्यमिक शाळेत गणित शिकवलं. झिंबाब्वेची सीमा तिथून गाडीने तासाभरावर. दोन्हीकडचं जगणं रोज डोळ्यांसमोर होतं.

१९६६ साली बोत्स्वाना स्वतंत्र झाला तेव्हा अख्ख्या देशात डांबरी रस्ता होता जेमतेम १२ किलोमीटर. बाकी कालाहारीची वाळू आणि गुरं. झिंबाब्वेला १९८० साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हा रेल्वे होती, कारखाने होते, तंबाखू आणि मक्याची भरघोस शेती होती. चांगली जमीन मूठभर गोऱ्यांच्या ताब्यात होती, हा अन्याय होताच आणि तो दूर व्हायलाच हवा होता. पहिल्या दशकात त्या सरकारने गावोगाव शाळा काढल्या, हेही विसरता कामा नये. माझ्या शाळेतले विज्ञानाचे सर्वांत उत्तम शिक्षक झिंबाब्वेतल्या बुलावायो शहरातून आलेले होते. तेव्हा कुणी पैज लावली असती तर ती झिंबाब्वेवरच लावली असती.

आता हिऱ्यांचं. १९६७ मध्ये ओरापाला हिरे सापडले ते पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या स्वतःच्या बांग्वाटो जमातीच्या मुलखात. तरीही जमिनीखालची खनिजं जमातीची नव्हेत, सगळ्या देशाची, असा कायदा त्याच वर्षी झाला. मला हा निर्णय त्या खाणीपेक्षा मोठा वाटतो. पुढे ‘डी बीअर्स’ या हिरे-कंपनीशी घासाघीस करून सरकारने खाणींची निम्मी मालकी मिळवली. तो पैसा शाळांत, दवाखान्यांत, गावच्या नळाला लागला. चलनाचं नाव ठेवलं ‘पुला’, म्हणजे पाऊस. पाण्यासाठी तरसणाऱ्या लोकांना दुसरं कुठलं नाव सुचणार!

हिरे तर झिंबाब्वेतही सापडले. २००६ मध्ये पूर्वेकडच्या मरांगेला माणसं हातांनी माती उपसून हिरे काढत होती. दोन वर्षांनी तिथे लष्कर घुसलं, कित्येकांचे जीव गेले आणि त्या हिऱ्यांचा पैसा कुठे मुरला याचा धड हिशेब जनतेला कधी मिळाला नाही. म्हणून म्हणते, नुसत्या हिऱ्यांनी काही होत नाही.

यातून घरात काय घडतं, ते मी जवळून पाहिलं. आमच्याकडे धुण्याभांड्यांना येणाऱ्या बाई बुलावायोला प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. मी त्यांना ‘म्मा’ म्हणत असे. तिकडे मोठ्या बाईला तशीच हाक मारतात. २००८ साली त्यांच्या देशात महागाई अशी भडकली की महिन्याचा पगार हातात पडेपर्यंत त्यात तेलाची बाटलीही येईना. मग शाळा सोडून त्या सीमा ओलांडून आल्या. दर महिनाअखेर त्या चौकड्यांच्या मोठ्या प्लास्टिक पिशवीत मक्याचं पीठ, तेल, साखर, मीठ, साबण आणि मेणबत्त्या रचून भरायच्या. पीठ खाली, साबण वेगळ्या कागदात, म्हणजे पिठाला वास लागू नये. पिशवी सुतळीने तीनदा बांधून बसच्या टपावर जायची. जानेवारी २००९ मध्ये निघालेली १०० ट्रिलियन डॉलरची नोट त्यांनीच मला आणून दिली. एकावर चौदा शून्यं! मी ती वर्गात नेली, तर मुलं मोजताना दोनदा चुकली.

पण बोत्स्वानाचं नुसतं कौतुक केलं तर तेही खोटं ठरेल. मी गेले तेव्हा एचआयव्हीने तो देश पोखरला होता. तिकडे अंत्यविधी शनिवारी पहाटे करतात. आमच्या गल्लीत असे शनिवार मागून शनिवार गेले. वर्गातली कितीतरी मुलं आजीकडे राहत होती. २००२ पासून सरकारने औषधं फुकट द्यायला सुरुवात केली आणि अंथरुणाला खिळलेली माणसं उठून कामावर जाताना मी पाहिली. ही सोय मात्र फक्त नागरिकांना होती. परदेशी माणसांना ती २०१९ मध्ये मिळाली. तोवर म्मांसारख्या किती बायका इतरांची घरं सांभाळत औषधाविना राहिल्या असतील, या विचाराने आजही जीव तुटतो. झिंबाब्वेने हलाखीतही पगारांवर खास एड्स कर लावून औषधांसाठी पैसा उभा केला होता. त्याचा लेखात उल्लेख हवा होता.

शिवाय बोत्स्वानाच्या उत्पन्नाची सरासरी फसवी आहे. तिथली विषमता जगात सर्वाधिक असलेल्या देशांत मोजली जाते, तरुणांना काम नाही आणि सगळा डोलारा एका खनिजावर उभा आहे. आपल्या सुरतेतही जे प्रयोगशाळेतले हिरे मोठ्या प्रमाणावर तयार होतात, त्यांनी तिकडच्या खाणींची मागणी घटवली. ऑगस्ट २०२५ मध्ये औषधांच्या तुटवड्यामुळे सरकारला आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. दुसरीकडे, २०२४ च्या निवडणुकीत ५८ वर्षं सत्तेवर असलेला पक्ष हरला आणि राष्ट्राध्यक्षांनी पराभव मान्य करून खुर्ची सोडली. झिंबाब्वेत २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष मुगाबेंना हटवायला लष्कराला रस्त्यावर यावं लागलं होतं. राहणीमानाच्या तक्त्यात या गोष्टीला रकाना नसतो. तो असायला हवा.

२००९ मध्ये झिंबाब्वेने आपलं चलन बाजूला ठेवून अमेरिकन डॉलर वापरायला सुरुवात केली आणि शिक्षकांना महिना १०० डॉलर भत्ता ठरला. आमच्याकडे म्मांना त्याहून जास्त मिळत होते. तरी त्या परत गेल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी पीठ किंवा तेल मागितलं नाही. माझ्या कपाटातली आठवीची गणिताची जुनी पुस्तकं मागितली आणि ती पिशवीत सर्वांत खाली, पिठाच्या जागी, नीट लावली.

– एक निवृत्त शिक्षिका, मिरज