खापरे घासण्याआधी काठाचे तुकडे बाजूला काढा

संपादक महोदय,

हडप्पाकाळात दुधाचा वापर होत होता, हे कच्छमधील कोटडा भडली येथील ५९ खापरांच्या तपासणीतून २०२० साली पुढे आले. या उत्खननात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे अभ्यासक होते, त्यामुळे आपल्याकडेही त्याची चर्चा होते. मात्र ‘मडक्यात दूध सापडले’ हे म्हणणे दिशाभूल करणारे आहे. डोळ्यांना काहीच दिसत नाही. बिनझिलईच्या मडक्याच्या मातीत मुरलेली चरबी तेवढी उरते, आणि खापर स्वच्छ करण्याच्या भरात तोच पुरावा बिघडतो.

दुधाची खूण असलेली आखूड साखळीची मेदाम्ले (चरबीचे घटक) जमिनीखाली टिकत नाहीत. उरतात मुख्यतः पामिटिक आणि स्टिअरिक आम्ले. ती तर डुकराच्या चरबीतही असतात. म्हणून दोन्हींतील कार्बन-१३, म्हणजे कार्बनचा किंचित जड प्रकार, वेगवेगळा मोजतात. रवंथ करणाऱ्या जनावराची कास पामिटिक आम्ल स्वतः तयार करते, स्टिअरिक मात्र रक्तातून घेते. त्याचा मोठा वाटा चाऱ्यातील मेदाम्लांवर कोटीपोटात (जठराच्या पहिल्या कप्प्यात) प्रक्रिया होऊन आलेला असतो आणि त्यात कार्बन-१३ कमी असतो. स्टिअरिकच्या मूल्यातून पामिटिकचे मूल्य वजा केल्यावर उत्तर उणे ३.१ दरहजारीच्याही खाली गेले, तर ती दुधाची चरबी धरतात. ब्रिस्टल विद्यापीठाच्या रिचर्ड एव्हरशेड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ही वाट दाखवली.

नमुना रांधायच्या भांड्याच्या काठाचा किंवा गळ्याजवळचा घ्यावा. उकळताना चरबी वर येते आणि तिथेच जास्त मुरते. प्रयोगशाळेत ड्रिलने वरचा १-२ मिलिमीटर थर काढून टाकतात, आतल्या भागाची साधारण २ ग्रॅम भुकटी करतात आणि ती आम्ल मिसळलेल्या मेथॅनॉलमध्ये ७० अंश सेल्सियसला तासभर ठेवतात. ग्रॅममागे ५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी मेद निघाला, तर त्यावरून काही ठरवू नये.

साध्या पाण्याने धुतल्याने सगळी चरबी जाते असे नाही. खरे नुकसान होते ते क्षार काढायला वापरलेल्या आम्लाने, डिंकाने आणि वार्निशने. प्लास्टिकच्या पिशवीतून प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारी रसायने) उतरतात, उघड्या हातांवरचे तेल लागते. आम्हाला सर्वांत जास्त खटकते ते भोवतालची माती फेकून देणे. खापरातला मेद मातीतून आलेला नाही, हे तिच्याशी ताडल्याशिवाय कसे सांगणार?

या पद्धतीला मर्यादा आहेत. दूध गायीचे, म्हशीचे की शेळीचे, हे आकड्यावरून कळत नाही. दही, ताक, तूप यांतला भेदही कळत नाही. एकाच मडक्यात डुकराचे मांस आणि दूध शिजले असेल, तर सरासरी गायी-शेळ्यांच्या मांसाच्या चरबीसारखी दिसते. आपल्याकडे चाराही वेगळा, म्हणून परदेशी जनावरांवरून ठरलेली सीमारेषा इथल्या गवतावर वाढलेल्या जनावरांच्या दुधावर आणि चरबीवर तपासून घ्यायला हवी.

इनामगाव-दायमाबादसारख्या ताम्रपाषाणयुगीन स्थळी पुढे कुदळ पडेल तेव्हा प्रत्येक थरातून रांधायच्या भांड्यांचे काठ हातमोजे घालून उचलावेत, न धुता अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळावेत, सोबत त्याच थरातली मूठभर माती वेगळ्या फॉइलमध्ये ठेवावी आणि दोन्हींवर एकच क्रमांक टाकावा. हे काम खड्ड्याच्या काठावरच व्हायला हवे. खापरे धुण्याच्या टबापर्यंत पोहोचल्यावर उशीर झालेला असतो.

– प्राचीन खापरांतील अवशेषांचे काही अभ्यासक, पुणे